अपघाताचा नकाशा थ्रीडीत उभा करायचा असेल तर: ब्लेंडरमध्ये काय करायचं, काय टाळायचं

अपघाताचे नकाशे बनवणाऱ्यांना, म्हणजे इन्शुरन्स इन्व्हेस्टिगेटर, सर्वेअर, क्लेमच्या केसेस चालवणारे वकील आणि त्यांच्याकडची कॉम्प्युटरवाली पोरं, या सगळ्यांना आजकाल एकच हौस असते, थ्रीडी करून द्या. आणि थ्रीडी केलं की ते भारी दिसतं हे खरंय, पण भारी दिसतं हीच त्यातली अडचण आहे, कारण पंचनाम्यातल्या पेन्सिलच्या नकाशाकडे बघताना माणूस आपोआप शंका घेतो, तोच नकाशा रंगीत गाड्या, सावल्या, झाडं घालून दाखवला की बघणारा म्हणतो हां, असंच झालं असणार. म्हणून मोजलेलं तेवढंच उभं करायचं आणि जे अंदाजाने घेतलंय ते अंदाज म्हणूनच दिसलं पाहिजे, खालचं सगळं याच हिशोबाने लिहिलंय.

सॉफ्टवेअरचं म्हणाल तर यासाठी खास बनवलेली पॅकेजेस आहेत, फारो झोन थ्रीडी, पीसी-क्रॅश, व्हर्च्युअल क्रॅश वगैरे, पैसे मोजायची तयारी असेल तर जरूर घ्या, त्यातली शेवटची दोन तर टक्करीचं गणितही करतात. मी इथे ब्लेंडर हे थ्रीडीचं साधं सॉफ्टवेअर धरून सांगतोय कारण ते फुकट आहे, साध्या लॅपटॉपवर चालतं, आणि आकडे टाईप करून वस्तू जागेवर ठेवता येते, आपल्याला तेवढंच लागतं. गणित मात्र ब्लेंडर करत नाही, ते आपण कागदावर करायचं आणि ब्लेंडरला फक्त दाखवायला लावायचं.

उदाहरण एकच घेऊ म्हणजे गोंधळ नको. समजा पश्चिम महाराष्ट्रातला एक राज्य मार्ग आहे, सात मीटर डांबर, दोन्ही बाजूला साइडपट्टी, डाव्या हाताला शिवारातून येणारा कच्चा रस्ता मिळतो आणि त्या कोपऱ्यावर ऊस उभा आहे. कार सरळ चाललीय, शिवारातून बाइकवाला बाहेर येतो, धडक. दोन्ही बाजूंचं म्हणणं ठरलेलं, कारवाला म्हणतो दिसलाच नाही, बाइकवाल्याच्या घरचे म्हणतात स्पीड एवढा होता की थांबताच आलं नाही.

आधी ठरवा, थ्रीडी लागतंय का

उंचीने काही फरक पडत असेल तरच थ्रीडी. सपाट रस्त्यावर भर दिवसा मोकळ्या चौकात दोन गाड्या धडकल्या तर वरून बघितलेला, स्केलमध्ये काढलेला टूडी नकाशा पुरतो, उलट तोच जास्त स्पष्ट असतो. थ्रीडी कामाला येतं ते चार-पाच ठिकाणी: समोरचं दिसत होतं का हा वाद असेल, चढ-उतार किंवा घाट असेल, साइडपट्टी खचून डांबराच्या कडेला पायरी झाली असेल, गाडी खड्ड्यात किंवा मोरीखाली गेली असेल, आणि दोन गाड्यांवरचे मार कुठल्या उंचीला लागलेत हे जुळवून बघायचं असेल. आपल्या उदाहरणात उसाने दिसणं अडवलं का हा प्रश्न आहे, म्हणजे थ्रीडी लागणार.

जागेवर काय मोजायचं

अर्धं काम इथेच होतं किंवा बिघडतं. घटनास्थळ पंचनाम्यात लांबी-रुंदी असते, रस्ता एवढा रुंद, खांबापासून गाडी एवढ्या अंतरावर, टायर घासल्याची खूण एवढ्या मीटरची. उंची जवळपास कधीच नसते. आणि ऊस तर गळीत हंगामात आज आहे उद्या तोडणीवाले घेऊन गेले, मग तिथे जाऊन तुम्ही कसला पुरावा बघणार, रिकामं शेत. त्यामुळे शक्य तितक्या लवकर जा आणि शेताच्या कोपऱ्यावर टेप उभा धरून उसाची उंची घ्या, टेप दिसेल असा फोटो काढा, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे ऊस डांबराच्या कडेपासून किती लांब सुरू होतो आणि कच्च्या रस्त्याच्या मध्यापासून किती लांब, ही दोन अंतरं घ्या. ही का एवढी महत्त्वाची ते पुढे कळेल.

सगळ्या मापांना एक शून्य बिंदू हवा, जो सहा महिन्यांनीही जागेवर असेल. किलोमीटरचा दगड, मोरीच्या कठड्याचा कोपरा, विजेचा खांब. झाड चालतं पण रस्ता रुंदीकरणात सगळ्यात आधी झाडच जातं. त्या बिंदूपासून डांबराच्या कडेने टेप सरळ सोडायचा आणि प्रत्येक गोष्टीची दोन मापं, कडेने किती पुढे आणि कडेपासून काटकोनात किती आत किंवा बाहेर. गाडीची मात्र एका बिंदूने जागा कळते, ती कशी वळून उभीय ते कळत नाही, म्हणून एकाच बाजूच्या दोन चाकांची मापं घ्या, पुढचं आणि मागचं.

चढ-उतार मोजायला महागडं यंत्र लागत नाही. गवंडी लोक वापरतात ती पाण्याची पारदर्शक नळी घ्या, दहा मीटरपेक्षा लांब, दोघांनी दहा मीटर अंतरावर उभं राहून दोन टोकं धरायची, पाणी दोन्हीकडे एकाच पातळीला येतं, मग दोन्हीकडे पाण्यापासून रस्त्यापर्यंतची उंची मोजा, फरक आला ३२ सेंटिमीटर तर उतार ३.२ टक्के. गुगल अर्थवरची उंची या कामाला घेऊ नका, डोंगर बघायला ती ठीक आहे, रस्त्याचा तीन-चार टक्क्यांचा उतार त्यातून काढणं म्हणजे निव्वळ अंदाज.

वळण असेल तर त्याची त्रिज्या टेपनेच निघते. रस्त्याच्या बाहेरच्या कडेला २० मीटर दोरी ताणा, दोरीच्या मध्यापासून कडेपर्यंत सगळ्यात जास्त अंतर किती ते मोजा. समजा ८० सेंटिमीटर आलं. दोरीच्या लांबीचा वर्ग ४००, त्याला आठ गुणिले ०.८ म्हणजे ६.४ ने भागा, ६२.५, त्यात ०.८ चे निम्मे मिळवा, झाली ६२.९ मीटर त्रिज्या.

फोटो काढणाऱ्याला सांगा की फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठव, नाहीतर तो दाबून लहान होतो आणि कुठल्या लेन्सने, किती वाजता काढला ही आतली माहितीही जाते. क्रॉप केलेला फोटो तर घेऊच नका.

फाइल लावताना

ब्लेंडर उघडलं की आधी सीन प्रॉपर्टीजमध्ये युनिट मेट्रिक आणि मीटर आहे ना बघा, आणि आउटपुटमध्ये फ्रेम रेट (सेकंदाला किती चित्रं) २४ असतो तो २५ करा, पुढे हिशोब सोपा जातो. शून्य बिंदू म्हणजे तुमचा किलोमीटरचा दगड, एक्स म्हणजे रस्त्याच्या कडेने पुढे, वाय म्हणजे काटकोनात आत-बाहेर, झेड म्हणजे उंची. हे एकदा ठरलं की वहीतली मापं जशीच्या तशी टाकता येतात: वस्तू निवडा, कीबोर्डवर एन दाबा, उजवीकडे लोकेशनचे तीन रकाने येतात तिथे आकडे टाईप करा. माउसने ओढून गाडी ठेवायची सवय असेल तर ती इथे सोडा, कोणी विचारलं की ही गाडी इथे का ठेवली तर उत्तर वहीत सापडलं पाहिजे.

पंचनाम्यातला हाताने काढलेला नकाशा खाली अंथरून त्यावर गिरवायचा मोह होतो, शिफ्ट + ए, इमेज, रेफरन्स असं करून तो टाकताही येतो. टाका, पण गिरवू नका, तो नकाशा स्केलमध्ये नसतो, हवालदाराने जागेवर उभ्याउभ्या काढलेला असतो, त्यावरचे आकडे घ्यायचे, रेषा नाही. आकडे टाकून झाल्यावर वरच्या दृश्यातून त्याच्याशी ताडून बघा, एखादी गोष्ट रस्त्याच्या भलत्याच बाजूला गेली असेल तर लगेच कळतं.

रस्ता

सरळ प्लेन टाकून त्याला ७ मीटर रुंद केलं की झालं असं वाटतं पण मग थ्रीडीचा उपयोग काय. शिफ्ट + ए, मेश, ग्रिड घ्या, लांबीत दर पाच मीटरला एक ओळ येईल असे भाग करा, रुंदीत दोन भाग म्हणजे डावी कड, मध्य, उजवी कड. आकार दिला की कंट्रोल + ए, स्केल, हे विसरू नका, नाहीतर पुढची सगळी मापं फसवी निघतात. मग टॅब दाबून एडिट मोडमध्ये जा, एकेक बिंदू निवडून एन पॅनेलमध्ये ग्लोबलवर ठेवून झेडची उंची टाका, नळीने मोजलेली. कंटाळवाणं काम आहे, पण शंभर मीटर रस्त्याला साठ-पासष्ट बिंदू होतात, एका चहात होतं.

रस्त्याचा मध्य कडेपेक्षा थोडा उंच असतो, पाणी वाहून जायला. डांबरी रस्त्याला अडीच टक्के धरला तर साडेतीन मीटरच्या अर्ध्या रुंदीत पावणेनऊ सेंटिमीटर फरक होतो. मोजला असेल तर मोजलेला टाका, नसेल तर अंदाजाने टाकू नका, सपाट ठेवा आणि तसं लिहा. टक्के आणि अंश यातला घोळ मात्र सांभाळा, ५ टक्के उतार म्हणजे २.८६ अंश, कुणी रोटेशनच्या रकान्यात सरळ ५ टाकलं तर उतार होतो पावणेनऊ टक्के, साध्या रस्त्याचा घाट झाला की.

साइडपट्टी वेगळी वस्तू म्हणून करा, डांबराला जोडून नाही, म्हणजे डांबराची कड आणि मुरूम यातली पायरी दिसते. दुचाकी घसरून पडल्याच्या केसमध्ये बऱ्याचदा सगळा वाद त्या दहा-पंधरा सेंटिमीटरच्या पायरीचा असतो आणि वरून काढलेल्या नकाशात ती एक रेघ असते फक्त.

गाड्या

नेटवर फुकट मॉडेल ढिगाने मिळतात पण बहुतेक परदेशी, स्टिअरिंग डावीकडे. तुम्हाला ड्रायव्हरच्या डोळ्यातून दृश्य दाखवायचंय आणि ड्रायव्हरच भलत्या सीटवर, म्हणजे जवळजवळ पाऊण मीटरचा फरक. मॉडेल आरशासारखं उलटवायचं असेल तर एस, एक्स, मग -१, एंटर, त्यानंतर कंट्रोल + ए करून स्केल पक्कं करा आणि एडिट मोडमध्ये सगळं निवडून शिफ्ट + एन, नाहीतर पत्रा आतून-बाहेरून उलटा होऊन काळा दिसतो. नंबरप्लेट आणि मागची अक्षरंही उलटी होतात, ती काढूनच टाका. ट्रॅक्टर-ट्रॉली, सहा आसनी रिक्षा, एसटी यांची बरी मॉडेल मिळत नाहीत, तिथे सरळ मोजून ठोकळे करा. ठोकळा वाईट दिसतो पण खोटा नसतो, आणि कंपनीच्या वेबसाइटवरची लांबी-रुंदी-उंची आणि दोन चाकांमधलं अंतर बरोबर असलं की काम झालं.

जागेवर ठेवायची युक्ती अशी: मॉडेलचा ओरिजिन, म्हणजे ज्या बिंदूवरून ब्लेंडर त्याची जागा धरतं तो, मागच्या उजव्या चाकाखाली आणा. एडिट मोडमध्ये त्या चाकाचा खालचा बिंदू निवडा, शिफ्ट + एस, कर्सर टू सिलेक्टेड, मग ऑब्जेक्ट मोडमध्ये येऊन ऑब्जेक्ट मेनूतून सेट ओरिजिन, ओरिजिन टू थ्रीडी कर्सर. आता लोकेशनमध्ये मागच्या चाकाचं माप टाका आणि पुढचं चाक त्याच्या मापाच्या बिंदूवर येईपर्यंत झेडभोवती फिरवा. पुढचं चाक बिंदूपर्यंत पोचत नसेल किंवा पुढे जात असेल तर एकतर मॉडेलचा आकार चुकलाय किंवा वहीतलं माप चुकलंय, आणि हे इथे कळलेलं बरं.

मारांची उंची जुळवणं हे थ्रीडीचं मला सगळ्यात आवडणारं काम. कारच्या डाव्या पुढच्या कोपऱ्यावर जमिनीपासून ५० सेंटिमीटरवर चेंब आहे, बाइकच्या उजव्या बाजूला फूटरेस्ट वाकलंय ते ३० वर आणि इंजिनगार्ड ४५ वर, तर दोन्ही मॉडेलवर त्या उंचीला छोटे लाल गोळे ठेवायचे आणि गाड्या एकमेकांजवळ आणून बघायचं की गोळे जुळतात का, कुठल्या कोनात जुळतात. नाही जुळले तर आधी ब्रेकचा विचार करा, जोरात ब्रेक लावला की कारचं नाक खाली बसतं.

ड्रायव्हरला काय दिसत होतं

आता उसाकडे. कॅमेरा टाका, ड्रायव्हरच्या डोळ्याच्या जागी. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमांत कारचालकाच्या डोळ्याची उंची रस्त्यापासून १.२ मीटर धरतात, प्रत्यक्ष ड्रायव्हर उपलब्ध असेल तर त्याला तशाच मॉडेलच्या गाडीत बसवून मोजा, ते उत्तम. कॅमेरा निवडा, मग शिफ्ट धरून गाडी निवडा, कंट्रोल + पी, ऑब्जेक्ट, म्हणजे गाडी पुढे सरकवली की डोळाही सरकतो. नमपॅडवरचं शून्य दाबलं की त्याच्या डोळ्यातून दिसतं. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये क्लिप एंड बघा, बऱ्याच व्हर्जनमध्ये ते १०० मीटर असतं, त्यापलीकडचं सगळं गायब होतं, आणि मग ड्रायव्हरला ट्रक दिसलाच नाही असं सिद्ध होऊन बसतं. हजार करून टाका.

ऊस म्हणजे पानापानांचं मॉडेल नको, एक हिरवा ठोकळा, मोजलेल्या उंचीचा, शेताच्या कडेला बरोबर लावलेला. बाइकवाल्याचं डोकं बसलेल्या स्थितीत साधारण दीड मीटरवर. आता गाडी दर पाच मीटरने पुढे आणत बघा डोकं कधी दिसतं.

हाच हिशोब कागदावरही करून बघू म्हणजे सॉफ्टवेअरवर डोळे झाकून विश्वास नको. कारवाल्याचा डोळा डांबराच्या डाव्या कडेपासून २.३ मीटर आत, ऊस कडेपासून ३ मीटरवर सुरू, आणि कच्च्या रस्त्याच्या मध्यापासून २ मीटरवर. कार कच्च्या रस्त्याच्या मध्यापासून ४० मीटर अंतरावर असताना बाइकवाल्याचं डोकं डांबरापासून ३.२८ मीटरपर्यंत आल्याशिवाय दिसतच नाही. कार ६० मीटरवर असली तर ३.१८, म्हणजे लांबून बघितल्याने काहीच फायदा नाही. पण ऊस ३ ऐवजी ६ मीटर मागे असता तर ४० मीटरवरून डोकं ६.४४ मीटरवर असतानाच दिसलं असतं. म्हणजे सगळा खेळ ऊस कडेपासून किती लांब होता याचा, आणि पंचनाम्यात लिहिलेलं असतं 'रस्त्याच्या डाव्या बाजूस उसाचे शेत आहे', संपलं.

पुढचं गणित लावा: डोकं ३.२८ वर म्हणजे पुढचं चाक साधारण २.४ वर, कारची डावी बाजू डांबराच्या कडेपासून १ मीटर आत धरली तर कारच्या मार्गात यायला त्याला अजून ३.४ मीटर हवेत, बाइक ताशी १५ ने आली तर ०.८ सेकंद. कार ताशी ६० ने म्हणजे सेकंदाला १६.६७ मीटर, ०.८ सेकंदात साडेतेरा मीटर. मग टक्कर होईल की बाइक आधी निघून जाईल हे तुम्ही कार त्या क्षणी कुठे होती यावर बघायचं, पण ड्रायव्हरने दिसल्यावर ब्रेक लावायला २.५ सेकंद घेतले, जो आकडा रस्ते डिझाइन करताना धरतात, तर ४१.७ मीटर नुसते विचारातच गेले.

उंचीचं महत्त्व इथे येतं. कोपऱ्यावर उसाऐवजी सोयाबीन असतं, सत्तर सेंटिमीटरचं, तर दीड मीटरवरचं डोकं कितीतरी आधी दिसलं असतं आणि कारवाल्याचं म्हणणं तिथेच पडलं असतं. टूडी नकाशात दोन्ही शेतं सारखीच हिरवी. आणि एक युक्तिवाद नेहमी ऐकायला मिळतो की ट्रकवाला उंच बसतो, त्याला वरून दिसलंच असणार. बघा करून, डोळा २.४ मीटरवर घ्या, ४० मीटर अंतर ठेवा, ऊस फक्त १.८ मीटरचा कोवळा ठेवा, तरी दिसत नाही, कारण ऊस बाइकवाल्याच्या अगदी जवळ आहे आणि तिथे पोचेपर्यंत नजरेची रेषा खाली उतरून १.५५ च्या आसपास आलेली असते. अडथळा ट्रकच्या जवळ असता तर उंचीचा फायदा झाला असता. हे कोर्टात तोंडाने समजावायला पंधरा मिनिटं लागतात, बाजूने बघितलेल्या एका चित्रात, डोळ्यापासून डोक्यापर्यंत सरळ रेघ मारली की दहा सेकंदात कळतं. त्यासाठीच तर थ्रीडी.

लेन्सबद्दल: कॅमेऱ्याची फोकल लेंग्थ ५० मिलिमीटर असते, ३६ मिलिमीटरच्या सेन्सरवर ती जवळपास ४० अंश रुंद दृश्य देते. कोणी १८ वगैरे करून ठेवली तर समोरची बाइक लांब आणि बारकी दिसते, १३५ केली तर अगदी अंगावर आल्यासारखी. दोन्ही बाजू आपल्या सोयीची लेन्स लावू शकतात, म्हणून प्रत्येक चित्राखाली फोकल लेंग्थ लिहा आणि एका केसमध्ये शक्यतो एकच ठेवा.

जागेवरचा मूळ फोटो असेल तर एफस्पाय नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात फोटो टाकून रस्त्याच्या समांतर कडांवर रेघा ओढल्या की फोटो कुठून आणि कसा काढला ते निघतं आणि तोच कॅमेरा ब्लेंडरमध्ये आणता येतो. तुमचं मॉडेल त्या फोटोवर ठेवा, खांबावर खांब आणि कडेवर कड बसली तर मॉडेल बरोबर आहे. माझ्या मते हा एकच तपास बाकी सगळ्या सजावटीपेक्षा मोलाचा आहे.

ऊन

सूर्य डोळ्यावर आला होता असं कोणी म्हणत असेल तर सन पोझिशन हे अ‍ॅड-ऑन घ्या, ब्लेंडर ४.२ पासून ते एक्स्टेन्शन्समधून घ्यावं लागतं. अक्षांश-रेखांश, तारीख, वेळ टाका, टाइम झोन ५.५. तुम्ही एक्स अक्ष रस्त्याच्या कडेने धरलाय, त्यामुळे उत्तर कुठल्या दिशेला ते नॉर्थ ऑफसेटमध्ये सांगावं लागतं, हे राहिलं की सूर्य चक्क भलत्या दिशेला उगवतो. आपल्याकडे घड्याळ प्रयागराजजवळच्या (आधीचं अलाहाबाद) ८२.५ रेखांशाचं आहे, पुणे ७३.८६ वर, म्हणून पुण्यात सूर्य बाराला नाही तर साडेबाराच्या आसपास डोक्यावर येतो, सावलीच्या अंदाजात हा अर्धा तास लोक विसरतात. रात्रीचं दृश्य मात्र रेंडर करून देऊ नका, अंधार किती होता हे स्क्रीनच्या ब्राइटनेसवर ठरायला लागतं आणि त्याला काही अर्थ राहत नाही.

हलतं चित्र करायचंच असेल तर

इथे एक असा सापळा आहे जो खूप जणांच्या लक्षातच येत नाही. तुम्ही गाडीला पहिल्या फ्रेमला एका जागी आणि शेवटच्या फ्रेमला दुसऱ्या जागी 'की' (या फ्रेमला गाडी इथे, अशी नोंद) मारली की ब्लेंडर आपणहून गाडी हळू सुरू करतं, मध्ये जोरात नेतं आणि शेवटी हळू थांबवतं, कारण दोन कीजमधली हालचाल भरायची डिफॉल्ट पद्धत, म्हणजे इंटरपोलेशन, बेझिअर असतं. बघायला छान वाटतं, पण तुम्ही न सांगता ड्रायव्हरने ब्रेक लावल्याचं दाखवलं ना. एकसारखा वेग हवा असेल तर कीज निवडून टी दाबा आणि लिनियर करा. २५ फ्रेमला ताशी ६० ची गाडी दर फ्रेमला ६६.७ सेंटिमीटर सरकली पाहिजे, मोजून बघा.

ब्रेक दाखवायचा असेल तर आधी थांबायचं अंतर कागदावर काढा: वेगाचा (सेकंदाला किती मीटर) वर्ग भागिले दोन गुणिले घर्षण गुणिले ९.८१. ताशी ६० आणि कोरड्या डांबराचं घर्षण ०.७ धरलं तर २०.२ मीटर, वेळ २.४३ सेकंद, म्हणजे ६१ फ्रेम. ओल्या रस्त्याला ०.४ धरलं तर ३५.४ मीटर, त्यात ५ टक्के उतार असला तर घर्षणातून ०.०५ वजा, ४०.५ मीटर होतात, म्हणून तो नळीने मोजलेला उतार. मग ब्रेकच्या सुरुवातीला एक की, २०.२ मीटर पुढे ६१ फ्रेमनंतर दुसरी, पहिली की निवडून टी, त्यात इझिंगमधलं क्वाड्रॅटिक, आणि ग्राफ एडिटरमध्ये कंट्रोल + ई, इझ आउट. हे गणिताने अगदी एकसारख्या ब्रेकिंगसारखंच येतं, वेगळं काही करावं लागत नाही. तपासायला: पहिल्या सेकंदाला गाडी १३.२ मीटर गेलेली दिसली पाहिजे, दुसऱ्याला १९.६.

टक्करीनंतर गाड्या कशा उडाल्या, माणूस कुठे फेकला गेला, हे अ‍ॅनिमेट करू नका. त्याला वेगळं गणित आणि ते करणारं सॉफ्टवेअर लागतं. टक्करीची जागा दाखवा आणि शेवटच्या जागा दाखवा, मधलं रिकामं ठेवा. माणसाची आकृतीही करडी, चेहरा नसलेली, रक्त वगैरे अजिबात नाही, समोर त्याच्या घरचे बसलेले असतात.

देताना

एक पान वरून बघितलेलं, कॅमेरा ऑर्थोग्राफिक (लांबचं-जवळचं एकाच स्केलमध्ये दिसतं तो) करून, स्केलपट्टी आणि उत्तर दिशेचा बाण घालून, हे मुख्य. त्यानंतर बाजूचं दृश्य, ड्रायव्हरच्या डोळ्यातलं दृश्य, बस. प्रत्येक पानावर हे पंचनाम्यातल्या आणि अमुक तारखेला घेतलेल्या मापांवरून केलंय असं लिहा, आणि अंदाजाने घेतलेल्या गोष्टींची यादी त्याच पानावर, वेगळ्या कागदावर दिली तर ती फाइलमध्ये कुठेतरी मागे जाते. लक्षात ठेवा हे चित्र साक्ष समजावून सांगायला असतं, पंचनाम्याच्या जागी नाही.

इलेक्ट्रॉनिक स्वरूपात दाखल करायचं असेल तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं आणि त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइलमधल्या डेटावरून निघणारा तिचा ठसा, लिहावी लागते. म्हणून आधी फाइल मेनूतून एक्स्टर्नल डेटा, पॅक रिसोर्सेस करून फोटो-टेक्स्चर सगळं एकाच फाइलमध्ये घ्या, शेवटचं सेव्ह करा, मग हॅश काढा, आणि त्यानंतर ती फाइल उघडून सेव्हचं बटण दाबू नका, काहीही न बदलता सेव्ह केली तरी हॅश बदलू शकते. काम करायला कॉपी वेगळी.

आणि रंगांवर फार भिस्त ठेवू नका. मोजलेलं निळं, अंदाजाचं नारिंगी असं सगळे करतात, पण या कागदांच्या पुढे झेरॉक्स निघतात, झेरॉक्सची झेरॉक्स निघते आणि निळं-नारिंगी दोन्ही सारखंच करडं होतं. त्यामुळे अंदाजाच्या वस्तूंना तुटक बाह्यरेषा द्या, आत तिरक्या रेघा भरा, आणि पाठवायच्या आधी एक प्रिंट ब्लॅक अँड व्हाइट काढून, तिची झेरॉक्स काढून बघा की काय मोजलेलं आणि काय धरलेलं ते अजून ओळखू येतंय का.